शंख कोठला?

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या कीं कसबा बावड्यांतील आमच्या परसांत गोगलगाईंची वर्दळ सुरू होते, आणि तिच्यापाठोपाठ स्वयंपाकघरांतील मिठाची बरणीही बाहेर येते. अळूच्या पानांना भोंकें दिसतांच मुठीनें मीठ टाकावें, हा आमच्या घरांतील बायकामंडळींचा जुना परिपाठ. त्याविरुद्ध आम्हीं आजवर ब्र काढला नव्हता. गेल्या पावसाळ्यांत मात्र धाकट्या नातवानें दोन रिकामे शंख आमच्या पुढ्यांत ठेवले आणि विचारलें, "आजोबा, या दोघी बहिणी कीं परक्या?" एक शंख परसाच्या भिंतीच्या बुडाशीं मिळालेला; जाड, पांढुरका, खडबडीत. दुसरा गगनबावड्याच्या जंगलांतून आणलेला. मधाच्या रंगाचा, आणि इतका पातळ कीं दिव्यापुढें धरल्यास उजेड आरपार दिसावा.

प्रश्न आमच्या ओळखीचा होता. पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें असेच दोन शंख आणले होते. "एक उन्हांत वाळलेला, दुसरा ताजा," असें ठोकून देऊन आम्हीं ते खिडकीबाहेर टाकले आणि विभक्तिप्रत्ययांकडे वळलों. त्या मुलानें पुन्हां कधीं कांहीं विचारलें नाहीं. नातवाला तेंच उत्तर देण्याचा धीर झाला नाहीं. संवयीनें हात प्रथम अमरकोशाकडे गेला; पण तेथें शंख नि शंबूक वारिवर्गांत, म्हणजे पाण्याच्या प्रकरणांत. तेव्हां प्राणिशास्त्राचीं पुस्तकें उघडणें भाग पडलें.

गोगलगाईचें घर तिला कोणी दिलेलें नसतें. तें ती आपल्या अंगांतून बांधते. प्रावार नांवाच्या मऊ आवरणाच्या कडेंतून चुना पाझरतो आणि शंखाच्या तोंडाशीं थरावर थर चढतो. शिखराजवळचे वेढे हें तिचें बालपण, तोंडाची कड ही अगदीं अलीकडची भर. हा चुना ती मातींतून आणि पालापाचोळ्यांतून मिळवते, व सांपडल्यास जुन्या भिंती खरडूनही. आमच्या भिंतीवर तिच्या चकाकत्या वाटा दिसतात त्या केवळ ओलाव्यासाठीं नव्हेत, हें आम्हांला फार उशिरां कळलें. ('गोगलगाय आणि पोटांत पाय' असें आपण ढोंगी माणसाला म्हणतों, शास्त्रज्ञांनीं तर त्या सबंध वर्गालाच 'उदरपाद' नांव दिलें आहे, आणि त्यांत निंदा मुळींच नाहीं.)

आतां भूगोल पाहावा. बावडा हें पंचगंगेच्या कांठचें गांव. जमीन काळी, पाऊस वर्षाला सुमारें ४० इंच, आणि दिवाळीनंतरचे महिने कोरडे. येथून पश्चिमेला साठेक किलोमीटरांवर गगनबावडा. तेथें २०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि जांभ्याच्या मातींतील चुना त्यानें केव्हांच धुऊन नेलेला आहे. चुना कमी म्हणून शंख पातळ. पण दाट सावलींत आणि दमट हवेंत पातळ शंखानें तिचें कांहीं अडतही नाहीं. उघड्या माळावर मात्र जाड भिंत ओल राखते आणि पांढरा रंग ऊन परतवतो. कोरड्या दिवसांत ती तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पडदा ओढून निजते. ही निद्रा किती लांबावी? इजिप्तच्या वाळवंटांतील एक गोगलगाय १८४६ सालीं मेलेली समजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें पुठ्ठ्यावर चिकटविली गेली. १८५० च्या मार्चांत तिला कोंबट पाण्यांत ठेवतांच ती चालूं लागली!

एवढ्यावर "एकच गोगलगाय, दोन हवामानें" असें सांगून आम्ही मोकळे होणार होतों. पण पुढचीं पानें वाचल्यावर थबकलों. विलायतेंत केन आणि शेपर्ड या दोघांनीं १९५० च्या सुमारास दाखविलें कीं एकाच जातीच्या गोगलगाई बीचच्या रानांत बहुधा तपकिरी वा गुलाबी, तर गवतांत पिवळ्या आणि पट्टेदार असतात. हे रंग खाण्यापिण्यानें येत नाहींत, ते वंशपरंपरेनें येतात. आपल्या कस्तुराच्या गोतांतील थ्रश पक्षी उठून दिसणारी गोगलगाय उचलून दगडावर फोडतो. लपलेली उरते आणि तिचा वंश वाढतो. त्याच्या फार आधीं हवाई बेटांत गुलिक नांवाच्या मिशनऱ्यानें पाहिलें होतें कीं झाडें तींच, पाऊस तोच, तरी शेजारशेजारच्या दऱ्यांतील गोगलगाईंचे रंग निराळे. तेथें केवळ ताटातूट पुरेशी झाली. एका घराण्याच्या शाखा दोन गांवीं गेल्या कीं कांहीं पिढ्यांनीं बोलण्याची ढब पालटते, तसेंच हें. म्हणून बहिणी कीं परक्या, हें निव्वळ शंखावरून ठरत नाहीं. शास्त्रज्ञ देहाची अंतर्रचना तपासतात, किंवा एकीचीं पिलें दुसरीच्या गांवीं वाढवून पाहतात. आणि शंख कोठला हें लिहून ठेवलेलें नसेल तर तो मुकाच.

मिठाच्या बरणीचा विचार येथें मनांत आला. १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या शंखसंग्राहक इंग्रजानें मॉरिशसहून आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय कलकत्त्यास आणली. २०२२ सालीं लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा गोगलगाईंनीं फडशा पाडला, तेव्हां हिचेंच नांव सर्वतोमुखीं झालें. पॅसिफिकांतील मूरिया बेटावर हिला मारण्यासाठीं १९७७ त एक मांसाहारी गोगलगाय सोडली. तिनें राक्षसीला फारसा धक्का लावला नाहीं. पार्टुला नांवाच्या स्थानिक गोगलगाई मात्र दहाएक वर्षांत रानांतून नाहींशा केल्या. याच पार्टुलांच्या शंखांतील भेद क्रॅम्प्टननें वर्षानुवर्षें मोजले होते!

आमच्या अंगणांत मीठही असेंच आंधळेपणानें पडत होतें. सूनबाईंना आम्हीं ओळख पटविली: राक्षसीचा शंख उंच, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा आणि बोटाहून लांब वाढणारा, आपली भिंतीवरची बसकी, भोवऱ्यासारखी. "मग अळूचें काय?" असा त्यांचा रोकडा सवाल आला. सध्यां संध्याकाळीं नातू कंदील घेऊन अळवांतल्या गोगलगाई वेंचतो. राक्षसी आढळलीच तर ती मिठाच्या पाण्यांत, बाकीच्या भिंतीपलीकडे. रिकामे शंख काड्यापेटींत जातात, आणि प्रत्येक पेटीवर तो गांव, जागा व तारीख लिहितो. पहिल्या पेटीवर 'बावडा, भिंत' एवढेंच होतें. कोणता बावडा, असें आम्हीं विचारल्यावर त्यानें अलीकडे 'कसबा' घातलें.