द्रव्याचे अंतरंग — लेखांक ७ : तिऱ्हाईतावाचून संयोग नाही

मागील लेखांकात हायड्रोजनच्या रेणूची घडण पाहताना असे दिसून आले की, दोन अणू एकत्र आल्याने ऊर्जेची जी बचत होते तीच त्यांच्या सख्याचे कारण होय, आणि दोन ग्रॅम वायूपुरती ती सुमारे १०४ किलोकॅलरी भरते. त्यावरून कोणाचीही अशी समजूत व्हावी की, सुटे अणू एकमेकांस भेटण्याचाच काय तो अवकाश, ते तत्क्षणी जोडले जात असतील. वस्तुस्थिती याच्या उलट आहे, आणि मुक्त अणूंच्या वर्तनात जे नवल आहे ते बहुतेक या एकाच गोष्टीतून निघते.

दोन सुटे अणू जवळ येतात तेव्हा आकर्षणामुळेच त्यांचा वेग वाढतो, आणि जी ऊर्जा बाहेर टाकल्याखेरीज बंध पक्का व्हायचा नाही, ती गतीच्या रूपाने त्यांच्याच पदरी राहते. ही भेट एका सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाहूनही अल्प काळ टिकते, तेवढ्यात ती ऊर्जा प्रकाशरूपाने विसर्जित करणे दोन समान अणूंना जवळजवळ अशक्य असते, आणि म्हणून ते आले तसेच दूर फेकले जातात. मात्र त्या क्षणी तिसरा एखादा कण, किंवा भांड्याची भिंत, तेथे हजर असेल तर जादा ऊर्जेचा वाटेकरी मिळतो आणि रेणू सिद्ध होतो. खरेदीखत उभयपक्षांच्या राजीखुशीने लिहिले तरी साक्षीवाचून दप्तरी दाखल होत नाही, त्यातलाच हा मामला. फरक एवढाच की येथला तिऱ्हाईत रित्या हाताने परत जात नाही, तो तापून निघतो.

अमेरिकेत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर यांना असे आढळले की, हायड्रोजनमध्ये तापवलेली टंगस्टनची तार सुमारे २,००० अंशांच्या वर अपेक्षेहून कितीतरी अधिक उष्णता गमावते. रेणू तारेवर फुटून अणू होतात व फुटण्याची किंमत तारेकडून वसूल करतात, हा उलगडा त्यांनी १९१२ साली मांडला. पण मला बाल्टिमोरच्या रॉबर्ट वूड यांचे प्रयोग अधिक मोलाचे वाटतात, कारण तिऱ्हाईताची रुजवात त्यांत डोळ्यांनी होते. हायड्रोजनच्या बामर रेषा स्वच्छ दिसाव्यात म्हणून त्यांनी १९२० च्या सुमारास लांबच लांब विसर्जन-नळ्या वापरल्या, तेव्हा कळून आले की वायूत पाण्याच्या वाफेचा अंश असला म्हणजे काचेची अणू जुळवण्याची शक्ती मावळते आणि नळीचा मध्यभाग मुक्त अणूंनी भरून राहतो. आणि त्या अणूंत टंगस्टनची तार नुसती धरली, तिच्यातून कसलाही प्रवाह सोडला नाही, तरी ती आपोआप लाल होऊन प्रकाशू लागते. काचेने नाकारलेले मध्यस्थाचे काम धातूने पत्करले, त्याचा तो मोबदला! पुढे लँगम्यूर यांनी याच तत्त्वावर धातू सांधणारी ज्योत तयार केली, आणि तिने टंगस्टनही वितळते.

जेथे भिंतच नाही तेथे काय होते? आंतरतारकीय अवकाशात दर घन सेंटीमीटरास जेमतेम एखादा अणू असतो. तीन कणांची गाठ एकाच क्षणी पडणे तेथे घडतच नाही म्हटले तरी चालेल, आणि म्हणून विश्वातील हायड्रोजनचा मोठा साठा युगानुयुगे मुक्त राहिला आहे. अशा अणूतील इलेक्ट्रॉनचे परिवलन उलटताना २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ-लहर निघते, असे भाकीत हॉलंडच्या व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ साली केले. एकेका अणूस या पालटासाठी सरासरी एक कोटी वर्षे वाट पाहावी लागते, तरी अणूंची संख्याच एवढी अफाट की १९५१ साली हार्वर्ड येथे यूएन व पर्सेल यांना ती लहर ऐकू आली. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी दुर्बीण उभी आहे, ती याच लहरीच्या आधारे दूरच्या आकाशगंगांतील मुक्त हायड्रोजनचा माग काढते.

तरीही घनदाट मेघांच्या पोटात हायड्रोजनचे रेणू विपुल सापडतात. तेथे भिंतीचे काम सूक्ष्म धूलिकण करतात : अणू कणावर येऊन चिकटतो, दुसरा त्यास येऊन मिळतो, जादा ऊर्जा कण आपल्याकडे घेतो आणि रेणू सुटून जातो. थंड धुळीवर हा व्यवहार कसा चालतो, ते पुढील लेखांकी पाहू.