डांबराचा चिवटपणा आणि पाण्याची वाट

आपण ज्याला डांबर म्हणतो, ते खरे पाहता डांबर नव्हेच. कोळशापासून मिळणारे ते जुने डांबर मागे पडले. आज रस्त्यावर पडते ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारे बिटुमेन. वरच्या थरात ते वजनाने शेकडा पाचच्या आसपास असते. बाकी सारी खडी. पण त्या खडीला धरून ठेवायचे काम या मूठभर पदार्थाचे!

स्वभावाने मात्र तो मोठा लहरी. थंडीत ठिसूळ, उन्हात मऊ. विदर्भातल्या मे महिन्यात काळा रस्ता साठ अंशांच्या घरात तापतो, आणि भरल्या ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. यावर रसायनशास्त्राने काढलेला तोडगा मला फार आवडतो. ‘एसबीएस’ नावाच्या पॉलिमरची साखळी दोन्ही टोकांना कडक आणि मध्ये रबरासारखी असते. शेकडा तीन ते पाच मिसळले, की ही टोके एकमेकांना बिलगतात आणि बिटुमेनभर जाळे विणले जाते. प्रयोगशाळेत असा धागा दहा सेंटिमीटर ताणून मधोमध कापतात आणि तासाभराने तो किती मागे आला ते मोजतात. साधे बिटुमेन फारसे मागे येत नाही, हे येते.

मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचा प्लॅस्टिकचा रस्ता याहून वेगळा. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीत टाकाऊ प्लॅस्टिकचा कीस तापलेल्या खडीवर टाकतात. तो वितळून खडीवर लेप चढतो आणि मग बिटुमेन पडते.

पण निविदेत पॉलिमरचे नाव आले म्हणजे रस्ता टिकाऊ झाला, असे मी मानत नाही. हे मिश्रण साध्यापेक्षा अधिक तापवावे लागते. ते गार झाल्यावर रोलर फिरवला, तर पोकळ्या राहतात. त्यांत पाणी शिरते. प्रत्येक चाक ते आत दाबते आणि बिटुमेन खडीपासून सुटते. मग महागड्या पॉलिमरचे पैसे खड्ड्यातच जातात, आणि त्या खड्ड्यात दुचाकीवर मूल बसवून निघालेला कुणी आदळतो.

म्हणून आपल्या गल्लीत डांबरीकरण निघाले, की आधी रस्त्याचा उतार आणि गटार पाहावे. पाण्याला जायला वाट आहे ना, हे विचारायला अभियंता असावे लागत नाही.