नजर रुळाच्या पातळीवर

पहाटे ५

एप्रिलात पुण्यात नाजूक हाताचं काम करायचं तर ते उजाडण्याआधीच उरकावं लागतं. पंखा लावता येत नाही, कारण टेबलावर ०.२ मिलिमीटर जाडीच्या पितळी तारेचे तुकडे पसरलेले असतात. आणि आठ वाजल्यानंतर पंख्याशिवाय बसवत नाही. आज समोर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाचा डबा आहे. आयसीएफचा, तांबडा, १९८० च्या दशकात ज्यातून आपण सगळे आजोळी गेलो तो. खिडक्यांचे आडवे गज तेवढे बसवायचे राहिलेत. दुपारी बाराला प्रदर्शनासाठी शाळेच्या सभागृहाचं दार उघडेल, तेव्हा हा डबा घाट चढत असला पाहिजे.

खरा डबा २१.३३७ मीटर लांब आणि ३.२४५ मीटर रुंद. एचओ मापात, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, तो साडेचोवीस सेंटिमीटर लांब आणि सदतीस मिलिमीटर रुंद होतो. बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक गाड्या युरोप-अमेरिकेतल्या असतात, त्यामुळे आपला डबा आपणच घडवायचा. पॉलिस्टायरीनच्या एक मिलिमीटरच्या पत्र्यातून बाजू कापायच्या, खिडक्या कोरायच्या, छताचा बाक गरम पाण्यात वळवायचा. बोग्यांच्या कडा हल्ली थ्रीडी प्रिंटरवर निघतात, पण गज मात्र मी हातानंच लावतो. चिमट्यात तार धरायची, सुईच्या टोकानं गोंदाचा ठिपका द्यायचा, पाच मोजायचे आणि मग सोडायचं. संकटकालीन खिडकीला गज नसतात, ती तशीच मोकळी ठेवायची. एवढ्या बारीक तारांकडे कोण बघणार, असं घरातले विचारतात. बघणारा बाजूनं बघणार असेल, तर त्याला सगळ्यात आधी हे गजच दिसतात. आपल्याकडच्या रेल्वेची आठवण म्हणजे बहुतेकांच्या मनात गजांना लावलेलं कपाळ आणि बोटांना लागलेला लोखंडाचा वास. गज नसलेला आयसीएफ डबा कुठल्याही देशातला असू शकतो.

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे आयसीएफमध्ये, १९५५ पासून हे डबे तयार होत होते. या धाटणीचा शेवटचा डबा तिथून जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. आता नव्या धाटणीचे एलएचबी डबे आहेत आणि ते जास्त सुरक्षित आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुना डबा नेमका कसा होता, हे कुणीतरी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायला हवं. मी ते पॉलिस्टायरीनमध्ये लिहितो.

६:१५

स्वयंपाकघरातला वजनकाटा. डबा १२८ ग्रॅम भरतो, म्हणजे कमी आहे. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं घालून दिलेला एक साधा हिशोब आहे: मुळात एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या साडेचोवीस सेंटिमीटरच्या डब्याला त्या हिशोबानं साधारण १६५ ग्रॅम हवेत. उरलेलं वजन शिशाच्या पट्ट्यांचं. त्या डब्याच्या तळाशी, बरोबर मध्यभागी चिकटवायच्या. वर लावल्या तर डबा वळणावर कलतो.

सपाट रुळावर हलका डबाही निमूट चालतो. आमचा मार्ग मात्र भोर घाटाचा आहे, आणि या घाटात गाडीला मागून इंजिन लागतं. कर्जतला गाडी थांबते ती त्यासाठीच. तिथले वडे प्रसिद्ध झाले तेही या थांब्यामुळेच. पुढून ओढणारं आणि मागून ढकलणारं अशा दोन इंजिनांच्या मध्ये नऊ डबे वळणावर सापडले, की त्यांतला सगळ्यात हलका डबा दाबानं बाहेर फेकला जातो. म्हणून वजनाच्या बाबतीत मी हट्टी आहे. डबा बारीकसारीक तपशिलांनी कितीही नटलेला असो, मागून ढकलल्यावर रुळावर टिकत नसेल तर तो अजून अर्धाच झालाय असं मी धरतो.

७:३०

छोटा हत्ती टेम्पो दाराशी. देखाव्याचे सहा लाकडी पाट, प्रत्येकी १२० बाय ६० सेंटिमीटर, समोरासमोर तोंड करून फळ्यांनी जोडलेले, जोडीजोडीनं उभे. गाड्यांच्या पेट्या पुढे, मांडीवर. भाचा म्हणतो, ‘‘मामा, पेट्या मागे ठेवूया, तुमचे गुडघे दुखतील.’’ गुडघे दुखले तरी चालतील.

८:४५

सभागृहात मांडामांड. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि खरं सांगायचं तर प्रदर्शन कसं होणार हे इथेच ठरतं.

घाटाचा चढ ३७ मध्ये १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आमच्या सहा पाटांची लांबी ७.२ मीटर भरते. तेवढ्यात रूळ साडेएकोणीस सेंटिमीटर चढतो आणि मागच्या बाजूला डोंगराआड लपलेल्या वळणावरून परत खाली येतो. खरा घाट याच मापात पूर्ण उभा करायचा तर पावणेतीनशे मीटरहून लांब जागा लागेल. म्हणून आम्ही सगळा घाट सोडून एकच ठिकाण घेतलं: ठाकूरवाडी. तिथली केबिन, दोन रूळ, एक बोगदा, आणि डोंगराच्या अंगावर चढत जाऊन संपणारी ती मोकळी लाईन. चढ मात्र कमी केला नाही. घाटात चढच गेला तर मागचं इंजिन कशासाठी आहे, हे बघणाऱ्याला समजायचंच नाही.

आता उंची. खालच्या टोकाला रूळ जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर असतो आणि वरच्या टोकाला जवळपास १३५ वर. यावरून आमच्या गटात बरेच वाद झालेत. लहान मुलांना दिसावं म्हणून बहुतेक ठिकाणी अशा गाड्या जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर मांडतात. मग बघणारा वरून बघतो. त्याला छतं दिसतात, सगळा देखावा एका नजरेत संपतो आणि दोन मिनिटांत तो पुढच्या टेबलाकडे वळतो. वरून गाडी फक्त विमानातला माणूस बघतो. आपण गाडी बघतो फलाटावरून, फाटकापाशी उभं राहून, नाहीतर शेताच्या बांधावरून, म्हणजे रुळाच्या पातळीवरून किंवा थोडं खालून. तिथे डोळा नेला की गाडी चाकांपासून दिसायला लागते. पोटाखालच्या बॅटरीच्या पेट्या दिसतात, पायदानं दिसतात, खिडकीतून पलीकडचा डोंगर दिसतो. डबा पुढे जातो आणि मागे काय येतंय ते दिसत नाही, म्हणून माणूस थांबून राहतो. लहान मुलांसाठी आम्ही लाकडी पायऱ्या नेतो आणि ज्येष्ठांसाठी खुर्च्या. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण खालच्या रुळाच्याच उंचीवर येतात.

या उंचीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो जाणकारांना चटकन कळतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीनं भागलं तर दोन रुळांत १९.३ मिलिमीटर अंतर हवं. पण जगभर मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचा आहे. म्हणजे आमची गाडी पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी असते. काही हौशी मंडळी १९.३ चे रूळ हातानं घालतात, चाकांचे दांडे बदलतात. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. आम्ही तयार रूळ वापरतो आणि गाडी बाजूनंच दिसेल अशी सोय करतो. बाजूनं, रुळाच्या पातळीवरून, ही तूट कुणालाच दिसत नाही. समोरून मात्र लगेच दिसते. म्हणून पाटांच्या दोन्ही टोकांना बोगद्याची तोंडं आणि कातळ आहेत. गाडी तोंडावर येताना कुणाला बघताच येत नाही.

१०:३०

पाट जोडले, सांध्यावरचे रूळ जुळवले. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लोखंडी चौकट केली तर पाट उचलता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सांध्यावर पितळी डोवेल आणि खाली बोल्ट. बोट फिरवून बघायचं: नखाला लागलं तर चाकालाही लागणार.

सांध्याच्या फटीवर खडी भुरभुरायची. भारतीय रेल्वेची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, म्हणजे आमच्या मापात पाऊण मिलिमीटर. क्रशरवरची काळ्या दगडाची कच आणून दोन चाळण्यांतून काढली की नेमकी तीच मिळते, आणि ती खऱ्या बेसॉल्टची असल्यामुळे रंग देण्याचा प्रश्न उरत नाही. घरी पाटांवर ती एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब अशा मिश्रणानं कायमची बसवली आहे. लिक्विडच्या त्या थेंबाशिवाय पाणी खडीत मुरतच नाही, वर गोळे होऊन राहतं.

मग स्वच्छ फडकं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल. वीज रुळातून चाकांत जाते, आणि धुळीचा पातळ थर बसला तरी इंजिन अडखळतं. रूळ पुसायचं काम गटातल्या सगळ्यात धाकट्याला देतात, अशी सगळीकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. हे काम मी स्वतः करतो.

११:१५

दिवे. सभागृहातल्या ट्यूबलाइटचा उजेड वरून पडतो आणि छतं चकाकतात, मग सगळं खेळण्यासारखं दिसायला लागतं. आम्ही समोरच्या वरच्या फळीआड एलईडीची पट्टी लावतो, एकाच बाजूनं, किंचित पिवळी, आणि मागचे दिवे शाळेच्या शिपाईमामांना सांगून बंद करून घेतो. देखावा भाद्रपदाच्या अखेरीचा आहे. गवत पिवळं पडू लागलंय, उतारावर सोनकी आहे. विकतच्या परदेशी हिरवळीच्या पट्ट्या सह्याद्रीवर चालत नाहीत, तो हिरवा रंग आपला नाही. झाडाखालचा पाचोळा म्हणजे वाळवून चाळलेला चहाचा चोथा.

१२

दार उघडलं. तांबड्या गाडीच्या मागे डब्ल्यूसीजी-२, चित्तरंजनला बांधलेलं डीसी इंजिन. घाटात गाड्या ढकलत त्यानं कित्येक वर्षं काढली. कल्याण ते पुणे मार्गावर १९२९ साली १५०० व्होल्ट डीसी वीज आली, तीही आता गेली आणि २५ हजार व्होल्ट एसी आली. दोन्ही इंजिनांना डिजिटल डिकोडर आहेत. दोघांचा वेग आधी घरी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर मागचं पुढच्याशी भांडतं.

पहिली गाडी सुटते. पहाटेचा डबा सातवा आहे. वळणावर मी फक्त त्याचीच चाकं बघतो. गेला.

दोन वाजेपर्यंत गर्दी. ‘‘आम्ही कोथरूडला बघितलंय हे,’’ असं दर चौथा माणूस सांगतो, आणि मला ते आवडतं. भाऊ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून तिथे आहे. पुण्यातल्या दोन पिढ्यांना एवढ्याशा गाड्यांची ओळख तिथेच झाली. तिथे अख्खं शहर चालतं, आमच्याकडे घाटाचा एक कोपरा. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: गाडी काचेच्या पेटीत उभी नाही, ती धावते. ज्याची चाकं कधी फिरत नाहीत त्या सुबक मॉडेलपुढे मला फार वेळ उभं राहवत नाही.

३:३५

आज १६ एप्रिल, म्हणून या वेळेला सगळ्या गाड्या थांबवल्या आणि मुलांना सांगितलं: १८५३ साली याच वेळी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि २१ तोफांची सलामी. तोफेच्या आवाजाचं काम मुलांनी आपण होऊन केलं.

४:२०

एक आजोबा आले. खुर्ची दिली तर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. घाट उतरणारी गाडी ठाकूरवाडीच्या केबिनपाशी आली, तसे म्हणाले, ‘‘थांबवा.’’ भाच्यानं थांबवलीच होती. घाटात गाड्या चालवून ते निवृत्त झालेत, हे नंतर कळलं.

डोंगरावर चढत जाणारी ती मोकळी लाईन म्हणजे कॅच साइडिंग. उतारावर ब्रेक गेलेली गाडी आवरता येत नाही. म्हणून सांधा मुळात या चढत्या लाईनकडेच लावलेला असतो. गाडीनं सिग्नलपाशी पूर्ण थांबून दाखवायचं, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं. मगच सांधा फिरतो आणि खालचा रस्ता मिळतो. थांबलीच नाही तर ती आपोआप चढावर जाते आणि वेग मरतो. बघणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. गाडी थांबली की ‘बंद पडली का हो?’ असं विचारतात, आणि तिथून आम्हाला सांगायला सुरुवात करता येते.

आजोबांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी सिग्नल मिळाल्यावरही दोन क्षण घेतले आणि मग गाडी सोडली. ताशी ३० किलोमीटर म्हणजे आमच्या मापात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर; एक डबा नजरेसमोरून जायला अडीच सेकंद. आकडा त्यांना सांगावा लागला नाही. मी मनात मोजलं, जवळपास तेवढाच वेग होता. पोरं नेहमी दुप्पट वेगानं पळवतात. ‘‘इंजिनातून खाली बघायची सवय आहे मला, बाजूनं गाडी कशी जाते ते कधी बघितलंच नव्हतं,’’ ते म्हणाले आणि पुन्हा एकदा उतरू का, असं विचारलं. चार वेळा उतरले.

८:१५

दार बंद. मोडतोड नाही, दोन कपलिंग ढिली, केबिनचा एक दिवा गेला. वहीत लिहून ठेवलं. पाट सोडवताना भाच्यानं विषय काढलाच: ‘‘मामा, पायऱ्यांवर रांग लागते. पाट वीस सेंटिमीटर खाली घेऊया ना, मुलांना सोपं पडेल.’’

मी नाही म्हणालो. रांग लागते याचा अर्थ पायऱ्या कमी आहेत. पुढच्या वेळी आणखी तीन करू, रुंद, दोन मुलं शेजारी उभी राहतील अशा, आणि कडेला धरायला दांडी. प्लायवूड घरात पडलंय. तो म्हणाला, मग वजन वाढेल, छोटा हत्ती पुरणार नाही. दोन फेऱ्या करू, मी म्हणालो, आणि आम्ही पायऱ्यांची मापं घ्यायला लागलो.