झील धरायला माणसं लागतात

दर मंगळवारी रात्री आठला, चुली आटोपल्या की आमच्या वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील होतं आणि मग पेटी उघडते. आम्ही चौदा जण. धुणीभांडी करणाऱ्या ताया, सफाई कामगार, एक रिक्षावाले दादा, कॉलेजची दोन पोरं आणि ढोलकीवाले काका. गाणं शिकलेलं कुणीच नाही. एक जण ओळ सोडतो, बाकीचे झील धरतात. सूर चुकला तर हसतो, पुन्हा धरतो.

आरोग्याच्या पानावर गाण्याचं काय काम, असं तुम्ही विचाराल. म्हणून मागच्या वर्षाची गोष्ट सांगतो.

आमच्यातल्या एका ताईंचा आवाज सगळ्यांत खडा. पावसाळ्यात त्यांना खोकला लागला, संध्याकाळी अंग तापायचं, ब्लाऊज सैल झाले. नर्सिंगच्या कामामुळे असा खोकला आमच्या कानाला लगेच कळतो. सरकारी दवाखान्यात बेडका तपासला, टीबी निघाला. बातमी गल्लीभर झाली. "ती येणार असेल तर आम्ही येत नाही," असं दोघी जणी म्हणाल्या. ताईंनी घराचं दार लावून घेतलं. औषधंही बंद करते म्हणाल्या.

त्या मंगळवारी आम्ही गायलो नाही, बोललो. ज्यांना पाणवठ्यावर दूर उभं केलं, त्यांनीच आपल्या माणसाला दूर उभं करायचं का? पण दुसरी बाजूही खरी होती. टीबी हवेतून पसरतो. खोकण्यातून, तसाच मोठ्यानं गाण्यातूनही. भीती खोटी नव्हती, तिच्यावरचा उपाय चुकीचा होता.

मग ठरलं. डॉक्टर सांगेपर्यंत ताईंनी गायचं नाही. पण मंगळवार चुकवायचा नाही. विहाराच्या अंगणात, मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून त्या झांज धरायच्या. आम्ही सगळ्यांनी तपासणी करून घेतली. रोजच्या गोळ्यांची आठवण करायची पाळी लावली. औषधं नियमित घेतली की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांकडून संसर्ग पसरायचा धोका खूप कमी होतो. डॉक्टरांनी होकार दिल्यावर ताई आत आल्या. सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला. त्या दोघी आज त्यांच्याच शेजारी बसतात.

गोळ्यांनीच टीबी बरा होतो, गाण्यानं नाही. पण गोळ्या सुटू दिल्या नाहीत त्या गायन पार्टीनं.

गाण्याचे स्वतःचे फायदेही आहेत. लांब ओळ म्हणताना श्वास पोटातून घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. त्यानं मन निवतं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही एकाच लयीत कमी-जास्त होतात. लकव्यानं वाचा गेलेली काही माणसं बोलू शकत नाहीत, पण ओळखीचं गाणं म्हणू शकतात. तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याच्याजवळ बसून गाऊन बघा.

आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) मोठेपणी अक्षरं शिकले आणि आयुष्यभर गात राहिले. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आता जयंतीची वर्गणी डीजेवर जाते. १०० डेसिबलचा आवाज कान जेमतेम पंधरा मिनिटं सोसू शकतो; पुढे ऐकू येणं कमी होण्याचा धोका, आणि गेलेलं परत येत नाही. डीजेपुढे आपण नुसते ऐकणारे. पार्टीत प्रत्येकाचा आवाज लागतो.

सुरुवात करायची असेल तर एवढंच करा:

• पाच जण आणि एक ढोलकी पुरे. पेटी नंतर येईल.
• दिवस आणि वेळ पक्की ठेवा. कुणी दोनदा आलं नाही, तर घरी जाऊन विचारा.
• खिडक्या-दारं उघडी ठेवा.
• दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. नोंद झालेल्या टीबी रुग्णाला उपचारादरम्यान पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. त्यासाठी बँक खात्याची माहिती द्या.
• आवाज बसला की गप्प राहा, कोमट पाणी प्या. तीन आठवडे बसलेलाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

यंदा जयंतीला आमच्या गल्लीत डीजे नव्हता. पहिली ओळ ताईंनी सोडली. झील धरायला चौदा जण होते. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी गल्ली होती.

नमो बुद्धाय! जयभीम!