कमरेचा झाडू सुटला; कमरेवरचे ओझे कधी उतरणार?

पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने चालणाऱ्या अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधलेला असे. आपलीच पावले आपणच पुसत जायची, अशी ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या आपल्या ग्रंथात या झाडूची नोंद केली आणि तेव्हापासून आम्ही प्रत्येक सभेत, प्रत्येक जयंतीला तो झाडू आठवतो. आठवलाच पाहिजे. पण आज आम्हाला झाडूबद्दल बोलायचे नाही. ज्या कमरेला तो बांधला होता, त्या कमरेबद्दल बोलायचे आहे.

ती कमर आज दुखते आहे. दोन दिवस, चार दिवस नव्हे. वर्षानुवर्षे दुखते आहे. आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सरकार नाही, डॉक्टर नाही आणि खरे सांगायचे तर आम्ही चळवळीतले लोकही नाही.

महारकीच्या नावाखाली आमच्या बापजाद्यांनी गावाची ओझी वाहिली. साहेबाचे सामान, पाटलाचा निरोप, मेलेले ढोर, सरपणाचा भारा. वेळ नाही, मोबदला नाही, नकार देण्याची सोय नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले, ते या वेठीचे जोखड काढण्यासाठी. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले. पण ओझे गेले का? आजही गटारात वाकणारा कोण, रस्ता झाडणारा कोण, बांधकामावर विटांची पाटी डोक्यावर घेऊन जिना चढणारी कोण, उसाच्या फडात मोळी उचलणारी कोण, हे एकदा डोळे उघडून पाहा. त्यांत इतर गरीब जातींचेही लोक आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या कामात माणूस दिवसभर वाकलेला असतो, त्या कामात आमची माणसे आमच्या संख्येपेक्षा जास्त का असतात, या प्रश्नाचे उत्तर जातीखेरीज दुसरीकडे सापडत नाही.

कंबरदुखी हे किरकोळ दुखणे आहे, असे समजणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसाला जिवंतपणी अपंग करून ठेवणाऱ्या आजारांत जगात पहिला क्रमांक याच दुखण्याचा आहे. ते जीव घेत नाही, म्हणून बातमी होत नाही. ते फक्त माणसाला कामातून उठवते. आणि ज्याच्याकडे शरीराखेरीज दुसरे भांडवलच नाही, त्याला कामातून उठवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही हिशोब मांडू. समजा, एका मजुराला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि महिन्यात २६ दिवस काम मिळते. महिन्याची मिळकत झाली १३,००० रुपये. कमरेमुळे महिन्यातले सहा दिवस घरी बसावे लागले, तर ३,००० रुपये गेले. डॉक्टर, गोळ्या, इंजेक्शन, तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे मिळून ८०० रुपये धरा. महिन्याला ३,८०० आणि वर्षाला ४५,६०० रुपये. म्हणजे बारा महिन्यांपैकी साडेतीन महिन्यांची मजुरी एकटी कमर खाऊन टाकते! यात एमआरआय धरलेला नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज धरलेले नाही. जड काम जमत नाही म्हणून मुकादमाने अर्ध्या मजुरीवर ठेवले, ते नुकसान धरलेले नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या साहेबाची कंबर दुखली तर तो आजारपणाची रजा टाकतो आणि पगार चालू राहतो. मजुराची कंबर दुखली तर त्या दिवशीची चूल दुखते.

आणि जे पैशात मोजता येत नाही त्याचे काय? कंबरदुखी दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर अंग तापलेले लागते. कमरेचे काय दाखवणार? म्हणून मुकादम म्हणतो, ढोंग करतो. शेजारी म्हणतात, आळशी आहे. हळूहळू घरचेही तसेच म्हणू लागतात. रात्री कूस बदलताना झोप मोडते, सकाळी चिडचिड होते, घरात भांडणे होतात. काही जण गोळीऐवजी बाटली जवळ करतात आणि मग कमरेबरोबर घरही मोडते. आईची कंबर गेली तर पाण्याचा हंडा कोण उचलणार? थोरली मुलगी. धाकट्याला कोण सांभाळणार? तीच. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते आणि एक दिवस नावच कमी होते. बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रातला पहिलाच शब्द शिकण्याचा आहे. आईच्या कमरेची किंमत मुलीच्या शाळेने चुकवावी लागते, हे आम्ही किती दिवस पाहत राहणार?

याहून भयंकर गोष्ट बीड जिल्ह्यात घडली. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. तिला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांचे नावही एका अवजारावरून! हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पहाटेपासून फडात वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. आजारी पडून एक दिवस चुकला तर तो 'खाडा', त्याचा दंड उचलीत चढतो. अशा बाईची कंबर, ओटीपोट दुखणार नाही तर काय होणार? ती दवाखान्यात गेली तर तिला सांगण्यात आले की पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जे आले ते ऐकून महाराष्ट्राने मान खाली घालायला हवी होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांवर महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येकींची तक्रार काय होती? पोटात दुखते, कंबर दुखते, अंगावरून जाते. ओझे कमी करण्याऐवजी बाईच्या शरीराचा अवयव कमी केला! आणि पिशवी काढल्यावरही कंबर दुखायची राहिली का? नाही. शस्त्रक्रियेचे कर्ज तेवढे अंगावर आले आणि ते फेडायला तीच बाई पुन्हा फडात वाकली.

कायदा काय म्हणतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला कामातून होणाऱ्या रोगांची एक यादी जोडलेली होती. त्यात शिशाची विषबाधा होती, पारा होता, फॉस्फरस होता, बेन्झिन होते. ओझे वाहून झिजलेली कंबर नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, पण कमरेला त्यातही जागा मिळालेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतही जुनाट कंबरदुखीचे नाव नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्या विम्यात कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. पण फडातल्या, नाक्यावरच्या, कचऱ्याच्या गाडीमागे धावणाऱ्या कंत्राटी माणसाचे नाव बहुधा त्या विम्यात नसतेच. बाबासाहेबांनी दार उघडले. आमचे लोक अजून उंबरठ्याबाहेर उभे आहेत.

हे बदलत नाही असे नाही. संघटना असेल तर बदलते. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा माथाडी संघटित झाला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरीवर मालकाकडून लेव्ही वसूल करून त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा देणारी मंडळे उभी राहिली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोत्याच्या वजनाचा प्रश्न लावून धरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषाने उचलायचे ओझे ५५ किलोच्या आत आणावे. शंभर किलोचे पोते पन्नासवर आले, ते कोणाच्या दयेने नव्हे, लढ्याने आले.

दूरचे उदाहरण पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकन वंशाच्या मजुरांना आखूड दांड्याचे खुरपे वापरायला लावत. दिवसभर कमरेत वाकल्याशिवाय ते चालतच नसे. ताठ उभा राहिलेला मजूर दुरून दिसायचा. म्हणजे तो काम करत नाही, हे मुकादमाला लगेच कळायचे! सीझर चावेझ यांच्यासह अनेकांनी या अवजाराविरुद्ध आवाज उठवला, मजुरांच्या वकिलांनी खटला लढवला, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली त्या आखूड खुरप्यावर बंदी आली. दांडा लांब झाला, माणूस ताठ झाला. मग आमच्या सफाई कामगाराच्या हातातला झाडू आखूड का? त्याला लांब दांडा लावायला कोणत्या पंचवार्षिक योजनेची वाट पाहायची आहे?

उपचाराच्या नावाने चाललेल्या लुटीबद्दलही बोलले पाहिजे. कंबरदुखीच्या दहांपैकी नऊ रुग्णांत बोट ठेवून दाखवता येईल असे एक कारण सापडत नाही. एमआरआयमध्ये 'गादी सरकली' असे दिसले की गरीब माणूस घाबरतो. पण काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांपैकी सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांत गादी अशीच फुगलेली दिसते! जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तिने व्यायाम आणि समजावून सांगणे यांवर भर दिला; वजन लावून ताणणे, कमरेचा पट्टा असे उपाय सरसकट वापरू नका, असे सांगितले. दिवसेंदिवस पडून राहिल्यानेही कंबर सुधारत नाही, उलट बिघडते. रोज वेदनाशामक गोळी खाणाऱ्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. मात्र पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आणि ताप येत असेल, वजन घटत असेल, तर तपासणी लांबवू नका. मणक्याचा क्षयरोग आमच्या वस्त्यांत आजही आहे.

पण दिवसभर पाटी उचलणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' एवढेच सांगून डॉक्टर मोकळा होत असेल, तर तो उपचार नव्हे, थट्टा आहे. व्यायाम हवाच, पण आधी ओझे हलके झाले पाहिजे. सरकारी योजनेतून भरती होऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. व्यायामतज्ज्ञाकडे महिनाभर जाण्याचे मिळत नाहीत. चाकू फुकट आणि व्यायाम विकत, हा कोणता न्याय?

आमच्यातलेही काही जण म्हणतात, भोग आहेत, भोगले पाहिजेत. हे बौद्धाच्या तोंडी शोभत नाही. मागच्या जन्माच्या कर्माने या जन्माचे दुःख ठरते, ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्टपणे नाकारली आहे. कंबर कर्माने झिजत नाही, ओझ्याने झिजते. आणि हेही लक्षात ठेवा की खुद्द तथागतांची पाठ दुखत असे. पाली सुत्तांत नोंद आहे की कपिलवस्तूला उपदेश चालू असताना पाठ दुखू लागली, तेव्हा पुढचा उपदेश आनंदाने करावा असे सांगून भगवान उजव्या कुशीवर आडवे झाले. पावा येथे त्यांनी हेच काम सारिपुत्ताकडे सोपवले. त्यांनी दुखणे लपवले नाही, त्याची लाज बाळगली नाही आणि संघाने त्यांना ढोंगी म्हटले नाही. बुद्धाला जी विश्रांती संघाने दिली, ती आमच्या मजूर बाईला कोण देणार?

म्हणून आम्ही चळवळीला सांगतो. कंबरदुखी हा घरगुती तक्रारीचा नव्हे, हक्काचा विषय आहे. कामातून होणाऱ्या रोगांच्या यादीत ओझ्याने झालेल्या कंबरदुखीचे नाव घालण्याची मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. ऊसतोड कामगारांना माथाडीसारखे संरक्षण मिळाले पाहिजे आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद झाला पाहिजे. महानगरपालिकांनी लांब दांड्याचे झाडू दिले पाहिजेत. आणि जे आपल्या हातात आहे ते उद्यापासून करू. जयंतीला डीजेवर उधळतो त्यातला थोडा पैसा बाजूला काढून विहारात महिन्यातून एकदा व्यायामतज्ज्ञ बोलावू. समाजातले जे डॉक्टर झाले ते कोणाच्या पाठीवरून वर चढले, हे त्यांना आठवण करून देऊ. घरात जो 'कंबर दुखते' म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू.

ताठ मानेने जगा, असे आम्ही एकमेकांना सांगतो. मान ताठ राहायची असेल तर तिच्याखालची कंबर शाबूत लागते. झाडू आमच्या पूर्वजांच्या कमरेवरून उतरला. आता ओझ्याची पाळी आहे.

जय भीम!