चहा घेतलात का?

सकाळी सातला हॉस्पिटलात जायचं, हर्नियाचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. मग आठवडाभर आधी भूलतज्ज्ञ तपासायला बोलावतात, तेव्हा वैताग येतो. रिपोर्ट तर सगळे फाइलमध्ये आहेत!

भारतात ईथरची भूल पहिल्यांदा दिली गेली ती कोलकात्याच्या मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात, २२ मार्च १८४७ रोजी. पुढच्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना दगावली. तिच्या पायाच्या बोटाचं फक्त नख काढायचं होतं. आज भूल कितीतरी सुरक्षित झाली आहे, पण ऑपरेशन लहान म्हणून भूलही लहान, असं अजूनही नसतं.

आधी बोलावण्याचं कारण साधं आहे. वाढलेलं बीपी किंवा साखर आठवड्यात आटोक्यात आणता येते. ऑपरेशनच्या सकाळी कळलं, तर बहुतेकदा ऑपरेशन पुढे ढकलण्यापलीकडे काही करता येत नाही.

आता चहा. कोलकात्यात सकाळी मातीच्या भांड्यातला चहा नको म्हणणं अवघडच. पण दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात जेवणातच धरतात. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, तेलकट-तळलेलं आठ तास आधी. साधं पाणी किंवा इथला बिनदुधाचा 'लिकर चा' मात्र साधारण दोन तास आधीपर्यंत चालतो, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते आणि पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून चुकून घोटभर घेतलाच असेल, तर सांगून टाका. ओशाळू नका.

लपवालपवी खरी होते ती घरच्यांसमोर. सिगारेट, दारू, गुटखा यांचा प्रश्न आला की काका छताकडे बघतात. अशा वेळी "डॉक्टर, जरा एकट्यात बोलायचंय" म्हणावं. आपल्याकडच्या काही ज्येष्ठांना बंगाली किंवा हिंदीत तपशील सांगणं जमत नाही, मग ते प्रत्येक प्रश्नाला "सब ठीक है" म्हणतात. बरोबर बोलणारं माणूस न्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णंसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते फार महागात पडू शकतं. मधुमेहाची कोणती गोळी कधी थांबवायची, तेही डॉक्टरांनाच विचारा.

काही प्रश्न विचित्र वाटतील. घोरता का? (याचं उत्तर बायकोला विचारावं.) दात हलतो का? घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का? झोपेत श्वास अडखळत असेल, तर भुलेनंतर जास्त वेळ लक्ष ठेवावं लागतं. हलणारा दात नळी घालताना निसटू शकतो.

शेवटी घराची चौकशी होते. रात्री सोबत मोठं माणूस आहे का? जिने किती? उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरात तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि पावसाळ्यात ठनठनियाला गुडघाभर पाणी, हेही सांगा. पहिले २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. सोबत कुणीच नसेल तर तसं आधीच बोला, म्हणजे एक रात्र हॉस्पिटलातच राहण्याची सोय करता येईल.