गुप्त पाप कोणापुढे बोलायचं?

पाथरीच्या गोदाकाठावर देवगिरीच्या सिंघण यादवाचा अंमल होता, त्याच काळात, 1215 साली, रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने हुकूम काढला: जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूकडे पापांची कबुली द्यावी. गावोगावच्या धर्मगुरूंना हे काम शिकवणारी लॅटिन हस्तलिखितं त्या सुमारास भराभर तयार झाली. ही हस्तलिखितं म्हणजे पापांचं दरपत्रक, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. दोनशे वर्षं आधीच्या, वर्म्सच्या बिशप बुरखार्डच्या संग्रहाला ते पुष्कळसं लागू पडतं. त्यात बाईला विचारायचा एक प्रश्न असा: अंगाला मध फासून गव्हात लोळलीस का, अंगाला चिकटलेले ते गहू जातं उलटं फिरवून दळलेस का, आणि नवरा खंगावा म्हणून त्या पिठाची भाकर त्याला चारलीस का? असेल, तर चाळीस दिवस नुसती भाकर आणि पाणी. असा हिशेब आपल्याला मुळीच परका नाही. आपल्या धर्मशास्त्रातलं प्राजापत्य कृच्छ्र हे प्रायश्चित्त बारा दिवसांचं: तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, शेवटचे तीन दिवस निराहार. ते झेपत नसेल तर गोदान, तेही नसेल तर गाईचं मोल.

कोणी म्हणेल, मग दोन्हीकडे सारखंच की. शिक्षेपुरतं बोलायचं तर बरंचसं सारखं. पापी माणसाचं वय, आजारपण, पाप जाणूनबुजून केलं की नकळत, हेही दोन्हीकडे पाहिलं जातं. फरक पडतो तो गुप्त पापापाशी. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा (ही कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातली, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरची) सांगतात की चारचौघांत माहीत झालेलं पाप विद्वान ब्राह्मणांच्या परिषदेपुढे मांडावं आणि ती सांगेल ते व्रत करावं. कोणालाच ठाऊक नसलेल्या पापाचं प्रायश्चित्त मात्र ज्याचं त्याने गुप्तपणे, जप-प्राणायामाने उरकावं. लॅटिन ग्रंथांत ही वाट बंद होते. मनातलं पापसुद्धा तोंडाने बोलायचं, आणि कोणीतरी ते ऐकायचं. म्हणून या ग्रंथांचा खरा विषय ऐकणारा माणूस आहे, असं मला वाटतं. 1215 च्या आगेमागे लिहिणाऱ्या रॉबर्ट ऑफ फ्लॅम्बरोचा ग्रंथ तर धर्मगुरू आणि पापी यांच्या संवादाच्याच रूपात आहे. कोणी, काय, कुठे, कोणाबरोबर, किती वेळा, का, हे विचारायचं, पण समोरच्याला माहीत नसलेलं पाप आपल्याच प्रश्नातून शिकवायचं नाही, ही खबरदारी असल्या पुस्तकांत घेतलेली दिसते. कबुलीच्या या प्रथेला पाळत म्हणणारेही आहेत, आणि गावातल्या प्रत्येकाचं गुपित एकाच माणसाच्या कानात साठत होतं हे खरंच आहे. लॅटरन परिषदेलाही तो धोका दिसला असावा, कारण त्याच हुकुमात कानावर आलेली कबुली फोडणाऱ्या धर्मगुरूची शिक्षा सांगितली आहे: पद काढून घ्यायचं आणि कडक शिस्तीच्या मठात जन्मभर प्रायश्चित्ताला डांबायचं.